जस्ताची वडी

१४ जून

पान्याला आणखी एक झटका दिला आणि बोल्टचं डोकं हातात आलं. उरलेला बोल्ट आतच. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरा माझा होता, काशाचा. तो सहज फिरून बाहेर आला, पण येताना भोकातले आटे घेऊन आला. भोकात नख घालून खरवडलं. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी.

कुआन्दिक शेजारी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. होडीची मोटर त्याची. तो राउशानचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ.

"दाजी, तुमचा बोल्ट नवाच्या नवा आहे. मोटर तेवढी म्हातारी झाली."

"तू मागच्या वर्षी ही पूर्वेला नेलीस. खाऱ्या पाण्यात. नको म्हटलं होतं."

"सगळे जाणार आहेत आता पूर्वेला. इकडे मासा कुठे राहिलाय? धाकटे दाजी म्हणतात, तिकडे जायचं तर काशाचा बोल्ट..."

मी पाना खाली ठेवला.

धाकटे दाजी म्हणजे मेदेत. माझा साडू. एप्रिलमध्ये बर्फ फुटल्यावर आला, राउशानच्या बहिणीला, गाउहारला, आणि हत्यारांच्या दोन पेट्या घेऊन. नऊ वर्षं कास्पियनवर मोटरी दुरुस्त करत होता. बाल्खाश सरोवराच्या या गोड्या पाण्याच्या किनाऱ्यावर गेली एकोणीस वर्षं माझ्याशिवाय कोणी मोटर उघडलेली नाही. लागेल तो भाग मी माझ्या लेथवर करतो. माल तांब्याच्या कारखान्यातला. मी तिथे बारा वर्षं लेथवर होतो, काशाचा रंग पाहून सांगतो कुठल्या भट्टीतलं. गंजत नाही, वाकत नाही. लोखंडाचा बोल्ट घेऊन माझ्या दारात कोणी आला तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही.

"तुझ्या धाकट्या दाजींना सांग," मी म्हणालो, "त्यांना कोणी विचारलेलं नाही."

"मी विचारलं होतं," कुआन्दिक म्हणाला आणि बीचं टरफल थुंकला.

१९ जून

सासूबाईंकडे मेंढी कापली. गाउहार कायमची परत आली म्हणून.

छातीचं मांस जावयाचं. इतकी वर्षं गावात एकच जावई होता, तेव्हा प्रश्न नव्हता. आज सासूबाईंनी ताट फिरवलं आणि छाती मेदेतच्या पुढे ठेवली. मी समोरच बसलो होतो.

मेदेतने सुरी घेऊन तिथल्या तिथे दोन भाग केले. मोठा माझ्या ताटात टाकला.

"ओरेके, मोठ्या साडूच्या देखत एकट्याने खाल्लं तर घशात अडकेल."

"तुझ्या घशात काय अडकतं? नऊ वर्षं कास्पियन पीत होतास."

"खारट लागला. म्हणून तर आलो."

सगळे हसले. राउशान ओढणी तोंडाला लावून हसत राहिली. माझ्या वाक्यावर हसली नव्हती.

मांस मी खाल्लं नाही. रुमालात बांधून आणलं. वाटेत राउशानने विचारलं, "कुत्र्याला घातलंत?"

"हो."

"रुमालात बांधताना आईने पाहिलं."

"पाहू दे."

"तो नऊ वर्षांनी आलाय हो. पहिलं ताट त्याचं. पुढच्या वेळी तुमचं."

मला पुढच्या वेळचं नको आहे.

२ जुलै

सापारआगांनी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं. बारा होड्यांचे ते प्रमुख. म्हणाले, ऑक्टोबरपासून पाणी गोठेपर्यंत सगळ्या होड्या सामुद्रधुनीपलीकडे, खाऱ्या भागात जातील. तिथे मोटर बंद पडली तर हाक ऐकायला कोणी नाही. दोन दिवस वल्ही मारली तरी माणूस दिसत नाही. म्हणून बाराही मोटरी एकाच हाताने तयार झाल्या पाहिजेत. पाण्यात कोणता धातू टिकतो ते आधी पाहू, मग हात ठरवू.

पूर्वी हात ठरवावा लागत नव्हता.

कुआन्दिकची मोटर मेदेत तयार करणार. दोन आठवडे पूर्वेला नेऊन आणायची. कुआन्दिकने स्वतः सांगितलं. माझ्याकडे न बघता.

५ जुलै

मेदेतच्या अंगणात गेलो, ग्रीस मागायला. ग्रीस माझ्याकडे आहे.

तो जमिनीवर बसून बोल्ट निवडत होता. दोऱ्याला लोहचुंबक बांधलेला. चिकटेल तो बोल्ट डब्याबाहेर.

"स्टेनलेस म्हणून आणलेस ना?"

"स्टेनलेस म्हणून विकतात, ओरेके. चांगला असेल त्याला चुंबक जेमतेम ओढतो. हा आपला अंदाज. पण निम्मी फसवणूक इथेच कळते."

नव्वदातले एकतीस त्याने बाहेर टाकले. मी कधी बोल्ट असे टाकले नाहीत. मग पाण्याच्या बारीक प्लास्टिकच्या नळीचे तुकडे कापून प्रत्येक बोल्टावर चढवले, डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर, वर ग्रीस. बोल्ट ॲल्युमिनियमला कुठेही उघडा टेकता कामा नये, म्हणाला. दोन धातूंमध्ये प्लास्टिक! मांडणीच्या पायांना रबर लावल्यासारखं दिसत होतं.

"आणि कासं?"

त्याने हात पुसले. "गोड्या पाण्यात चालून जातं. तुमचं काम पाहिलंय मी, एक आटा वाकडा नाही. पण खाऱ्या पाण्यात तांब्याचं काहीही ॲल्युमिनियमला लागलं की ॲल्युमिनियम संपतं. तांबं जसंच्या तसं राहतं."

"म्हणजे तांबं चांगलं."

त्याने पुढचा बोल्ट उचलला. "तांब्याच्या बाजूने बघितलं तर, हो."

शेवटी पंख्याच्या वर, पाण्याखाली राहील अशी, जस्ताची एक वडी घट्ट बसवली. वडीला रंग लावला नाही. मोटरीच्या बाकी सगळ्या पायाला, पाण्यात बुडतो त्या भागाला, दोन हात दिले आणि वडी तशीच ठेवली. विसरला असेल. मी सांगितलं नाही.

निघताना म्हणाला, "ओरेके, बारा मोटरी एकट्याच्या नाहीत. लेथ तुमच्याकडे आहे, तुमच्यासारखा हात माझा चालत नाही. आपण दोघं मिळून करू या का?"

माझ्या लेथवर डोळा आहे, हे मला आज कळलं.

ग्रीस घ्यायचं राहिलं.

२२ जुलै

कुआन्दिक आला. भरपूर सुदाक मासा घेऊन आला. मोटर धक्क्यावर चढवली तेव्हा दहाबारा माणसं जमली होती. मी सापारआगांची मोटरही शेजारी आणून ठेवली होती, माझ्या हातची, काशाची, इकडच्या पाण्यातली. कासं उन्हात चमकत होतं.

जस्ताची वडी अर्धी झाली होती. कडा गेलेल्या, मध्ये खड्डे, उंदराने कुरतडल्यासारखी. दोन आठवड्यांत!

"हे बघा," मी म्हणालो, "हा कास्पियनचा माल."

मेदेत म्हणाला, "ती खाल्ली जायलाच लावलीय. ती खाल्ली जाते म्हणून बाकीचं वाचतं. अर्धी गेली की बदलायची."

"खाल्लं जायला लावतात?" मी विचारलं. "मग पुढच्या वेळी बाउरसाक लाव. तेही खाल्लं जातं, आणि तळायला गाउहार आहे."

सगळा धक्का हसला. सापारआगाही हसले. मेदेतही हसला, त्याला हसता येतं. कुआन्दिक हसला नाही. त्याने वाकून मोटरीच्या पायावरून हात फिरवला. पाय नव्यासारखा होता, एक फोड नाही. मेदेत रंग चांगला मारतो, एवढं मान्य करावं लागेल.

सापारआगांनी निकाल दिला नाही. कुआन्दिक ऑगस्टच्या मध्यापासून पूर्वेला तळ टाकून राहील, सप्टेंबरअखेर परत येईल. तेव्हा बघू.

घरी राउशानला सगळं सांगितलं. बाउरसाकाचंही. ती कणीक मळत होती. म्हणाली, "त्याने काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत का?"

"सगळ्यांनी ऐकलं."

"तुम्ही?"

९ ऑगस्ट

राउशान गाउहारकडे गेली. वाटीभर कुर्त नेलं, वाळवलेल्या दह्याचे गोळे. या उन्हाळ्यात सहा वेळा गेली. तिथे दीड तास बसते. आल्यावर विचारलं, मेदेत होता का. म्हणाली, होता.

"काय बोलत होतात?"

"तुमच्याविषयी."

"काय?"

"मी म्हटलं, सगळं काम तू घेतलंस तर हे मोडतील. अर्धं त्यांना दे."

माझ्या कामातलं अर्धं माझी बायको माझ्यासाठी त्याच्याकडे मागते. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. तिने आपण होऊन सांगितलं. "तो म्हणाला, मी त्यांना कधीच विचारलंय, ते ग्रीस न घेताच गेले."

म्हणजे हेही तिला सांगितलं.

१७ ऑगस्ट

मेदेत कालपासून शहरात आहे, बोल्ट आणायला. कुआन्दिक आज निघाला. मी पहाटे धक्क्यावर गेलो.

मेदेतने जाताना नवी वडी लावून ठेवली होती. मी ती काढली. तिच्या जागी त्याच मापाची काशाची पट्टी बसवली. पट्टी चार दिवसांपूर्वीच करून ठेवली होती. प्लास्टिकचे वॉशर काढून काशाचे घातले. गिअरमधलं तेल अडवणारा तेलाचा स्क्रूही बदलून काशाचा घातला. त्याचा स्क्रू बरा होता, पण माझा जास्त नीट बसला. अर्ध्या वळशात घट्ट.

हे मी कुआन्दिकसाठी केलं. दीड महिना तो खाऱ्या पाण्यात राहणार. दोन आठवड्यांत अर्धी होणारी वस्तू दीड महिना कशी पुरेल? हा हिशोब कोणीही करील.

मी आवरत होतो तेव्हा कुआन्दिक पिंप घेऊन आला.

"दाजी, तुम्ही?"

"पक्कं केलं. आता काही खाल्लं जाणार नाही."

"धाकटे दाजी म्हणाले होते, हात लावू नकोस."

"तुला म्हणाले होते. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय."

बोलणं झालेलं नाही. लिहून ठेवतो. परत आल्यावर सगळ्यांसमोर पट्टी दिसेल, चकचकीत, तेव्हा बोलणं होईल.

कुआन्दिकने माझ्या खांद्यावर थाप मारली. "मग बरं झालं. तुम्ही दोघं बोललात हेच बरं झालं. ताईला सांगतो."

"मी सांगेन," मी म्हणालो.

जस्ताची वडी मी पाण्यात फेकली.

४ सप्टेंबर

मेदेतला गावात सगळे 'उस्ता' म्हणू लागलेत. कारागीर. मला कधी कोणी उस्ता म्हटलं नाही, ओरिनबासरचं मानाने ओरेके करतात, एवढंच. आज पिठाच्या दुकानातली बाई म्हणाली, तुमचे उस्ता आले होते. तुमचे!

त्याने तिची वजनकाट्याची कडी बसवून दिली. ती कडी माझ्याकडे मार्चपासून पडली होती.

२१ सप्टेंबर

लेथला तेल दिलं. काम नाही. पट्टीचा विचार केला की बरं वाटतं.

१ ऑक्टोबर

कुआन्दिक काल यायचा होता. वारा पूर्वेचा आहे, म्हणजे मागून. लवकर यायला हवा होता.

राउशान दोनदा धक्क्यावर जाऊन आली.

२ ऑक्टोबर

आला नाही. तळावरून परतलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं की तो २८ तारखेलाच निघाला.

३ ऑक्टोबर

सापारआगा आणि मेदेत होडी घेऊन गेले. मेदेतने दोन मोटरी घेतल्या, एक चालवायला, एक जादा. निघताना माझ्याकडे बघून म्हणाला, "ओरेके, जागा आहे."

मी म्हणालो, तीन माणसं झाली तर येताना कुआन्दिकला आडवं कुठे ठेवाल?

ते बरोबर होतं. तरी राउशानने घरी आल्यावर माझं ताट वाढलं नाही. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "आडवा का म्हणालात?"

५ ऑक्टोबर

बर्फाचे पहिले कण. सासूबाई आमच्याकडे येऊन बसल्या आहेत. खिडकीतून हलत नाहीत. मी चहा नेऊन दिला तर वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "तू होतास म्हणून मी त्याला जाऊ दिलं. म्हटलं, मोटर घरातल्या माणसांनी बघितलीय."

मी लेथच्या खोलीत गेलो. काही केलं नाही.

६ ऑक्टोबर

दुपारी आणला. जिवंत आहे. ताप आहे, तळहातांची कातडी गेली आहे. नर्स म्हणते, बोटं वाचतील.

त्याने तुटक तुटक सांगितलं. सामुद्रधुनीच्या अलीकडे गिअर ओरडला आणि पंखा जाम झाला. दोन दिवस वल्ही मारली. मग वल्हं सुटलं. वाऱ्याने होडी बोरूच्या बेटात नेऊन घुसवली. तिथे ओले कपडे घालून तीन दिवस, कच्चा मासा खाऊन. मेदेतला बोरूतून टोपी दिसली.

मोटर मेदेतच्या अंगणात उतरवली. सापारआगा आत चहा घेत होते. अंगणात आम्ही दोघंच.

तो गुडघ्यावर बसला. मी उभा होतो. तेलाचा स्क्रू नव्हता. त्याच्या जागी भोक होतं, अंगठा जाईल एवढं, कडेला पांढरी भुकटी, दळणाच्या जात्याभोवती असते तशी. तेल कधीच निघून गेलं असणार. बोल्टांभोवती रंगाला फोड आले होते. एक फोड त्याने नखाने उचलला, खालचं ॲल्युमिनियम नखाबरोबर आलं.

काशाची पट्टी जशी बसवली होती तशीच होती. कडासुद्धा तशाच धारदार. मी ती चांगली बनवली होती.

मेदेतने पट्टीकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. पेचकस लावायची गरज पडली नाही, पट्टी बोटांनीच निघाली. ती त्याने कोटाच्या खिशात टाकली. मग वॉशर, एकेक करून.

सापारआगा बाहेर आले. "काय झालं होतं?"

"तेलाचा स्क्रू," मेदेत म्हणाला. "मी नीट आवळला नव्हता. जस्तही लहान पडलं. माझी चूक."

"कुआन्दिक मेला असता."

"हो, आगा."

सापारआगांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "उद्या सकाळी अकरा मोटरी ओरिनबासरकडे जातील. तू हात लावू नकोस." आणि माझ्या दंडावर हात ठेवून निघून गेले.

मेदेतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मोटरीवर पोतं टाकलं आणि आत गेला.

आता दिवा लावून हे लिहितो आहे. राउशान कुआन्दिकपाशी बसून आली. म्हणाली, "मेदेत स्क्रू सैल ठेवील असं मला वाटत नाही."

"त्यानेच सांगितलं."

"ऐकलं. म्हणून म्हणते." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला काम मिळालं ना? तोंड असं का?"

जिंकलो, असं वर एका ओळीत लिहिलं होतं. खोडलं. अकरा मोटरी येतील. त्यांना मी काय लावू? मला येतं ते एकच. आणि ते लावलं तर नोव्हेंबरात अकरा होड्या बोरूत सापडतील किंवा सापडणार नाहीत. हे मला अंगणात उभं असतानाच कळलं. आधी कळलं असतं तर, असं लिहिणार होतो. आधी त्याने सांगितलंच होतं.

पण मला झोप येत नाही ती त्यामुळे नाही. माझं कासं त्याच्या खिशात आहे. तो ते कधी कोणाला दाखवणार नाही. गाउहारलाही नाही. उद्या भेटला की ओरेके म्हणेल, सरकून जागा देईल, आणि आम्ही म्हातारे होईपर्यंत माझ्याशी चांगलं वागेल. काम त्याने घेतलं, नाव घेतलं, सासूबाई घेतल्या. आता माझी चूकही घेतली. तीसुद्धा त्याच्या अंगावर जास्त शोभते. एवढं मोठेपण मी त्याला मिळू देणार नाही.

७ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता अकरा मोटरी दारात आल्या. सापारआगा पुढे होते. मी सांगितलं की १७ ऑगस्टला कुआन्दिकच्या मोटरीवरचं जस्त काढून कासं मी लावलं आणि मेदेतला ते माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. राउशान दारात उभी होती. मोटरी उचलून ते मेदेतच्या अंगणाकडे निघाले. शेवटची जड होती, तिला दोन माणसं लागत होती. दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून एक बाजू मी धरली.